सीताफळाचे कुळ आणि मूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. फळांच्या बाबतीत मात्र असा निर्बंध आमच्या ऐकिवात नाही. म्हणून या अंकात आम्ही एका फळाचे कुळ आणि मूळ दोन्ही शोधण्याचे धाडस करीत आहोत. ते फळ म्हणजे आपल्या सर्वांच्या परिचयाचे सीताफळ. ऑक्टोबर महिन्यात घरोघरी संध्याकाळची जपमाळ सुरू असते, तेव्हा बाजारात सीताफळांच्या पाट्या उतरत असतात. त्याचे भावंड रामफळ फाल्गुन-चैत्राच्या सुमारास, म्हणजे बहुधा आपल्या उपवासकाळात, पिकते. एकाला सीतामाईचे नाव, दुसऱ्याला प्रभू रामचंद्रांचे. वनवासात असताना राम-सीतेने ही फळे खाल्ली, म्हणून त्यांना ही नावे पडली, अशी लोकसमजूत आहे. यांहून अधिक भारतीय नावे कोणत्या फळांची असू शकतील?

आणि तरीही वनस्पतिशास्त्राचा कोणताही विश्वासार्ह ग्रंथ उघडला, तर तो सांगतो की ही दोन्ही फळे मूळची भारतातील नव्हेत. त्यांची जन्मभूमी अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात, कॅरिबियन बेटे आणि मध्य अमेरिका या भागात आहे. कोलंबसाने अटलांटिक महासागर ओलांडल्यानंतरच्या काळात, युरोपीय जहाजांतून, ती पूर्वेकडे आली.

ही केवळ फळबागेची गोष्ट असती, तर ती शेतीविषयक मासिकासाठी सोडून दिली असती. परंतु ज्या समाजाला आजही अधूनमधून 'तुम्ही मूळचे कुठले?' असे विचारले जाते, त्या समाजाने ही कथा जाणून घेण्यासारखी आहे. बाहेरून आलेली वस्तू आपली होते ती केव्हा आणि कशामुळे, या प्रश्नाचा उलगडा सीताफळाच्या प्रवासातून काही अंशी होतो.

कुलाची ओळख

वनस्पतिशास्त्रात सारख्या बांधणीच्या वनस्पतींच्या गटाला 'कुल' म्हणतात. सीताफळ ज्या कुलातील आहे त्याचे शास्त्रीय नाव 'ॲनोनेसी'. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आंत्वान लोरां द ज्यूसिए यांनी १७८९ साली हे कुल प्रस्थापित केले. मराठीत त्याला सीताफळ कुल असेच म्हणतात. यात शंभरावर प्रजाती आणि अडीच हजारांच्या आसपास जाती आहेत. त्यांत वृक्ष आहेत, झुडपे आहेत आणि झाडांवर चढणाऱ्या वेलीही आहेत. जवळपास सर्व जाती अमेरिका, आफ्रिका आणि आशिया या खंडांतील उष्ण व दमट प्रदेशांत राहणाऱ्या आहेत. थंड हवामानात तग धरणारे सदस्य बोटांवर मोजण्याइतके.

या कुलाची फुले ओळखायला सोपी. त्यांची रचना बहुधा तीनच्या हिशेबाने असते. बाहेर तीन निदले, त्यांच्या आत तीन-तीन पाकळ्यांची दोन मंडले आणि मध्यभागी दाटीने बसलेले पुष्कळ पुंकेसर. पाकळ्या जाड आणि मांसल असतात. ही फुले मधमाश्यांपेक्षा लहान भुंगेऱ्यांवर अधिक अवलंबून असतात. सीताफळाच्या फुलात स्त्रीकेसर आधी परिपक्व होतात आणि परागकण नंतर बाहेर पडतात. त्यामुळे एका फुलाचे पराग दुसऱ्या फुलापर्यंत पोहोचवणारा कुणी भेटला नाही, तर फूल वाया जाते. झाड फुलांनी डवरलेले असूनही फळे थोडीच का धरतात, याचे एक कारण हे आहे. काही बागाईतदार म्हणूनच बारीक कुंचल्याने हाताने परागण करतात.

सीताफळ हे एक फळ दिसत असले तरी वस्तुतः तो अनेक फळांचा मेळ आहे. एकाच फुलातील अनेक स्त्रीकेसर वाढता वाढता एकमेकांत मिसळतात आणि त्यांचे एक फळ होते. सालीवरचा प्रत्येक 'डोळा' म्हणजे अशा एकेका लहान फळाची खूण. फळ तयार होत आले की डोळे उघडतात, त्यांच्यामधल्या भेगा पांढुरक्या होतात, आणि जाणती माणसे ते उतरवून अढीत घालतात. रामफळाची साल मात्र गुळगुळीत, तिच्यावर जाळीसारख्या अस्पष्ट रेषा. शास्त्रज्ञांनीही हेच पाहून नावे दिली. सीताफळाच्या लॅटिन नावाचा अर्थ 'खवल्यांचे' आणि रामफळाच्या नावाचा अर्थ 'जाळीचे'.

आपल्या मातीतील भावंडे

या कुलाचा प्रत्येक सदस्य परदेशी आहे, असा समज मात्र वाचकांनी करून घेऊ नये. सुवासासाठी अंगणात लावला जाणारा हिरवा चाफा याच कुलातील आहे आणि त्याचे घर दक्षिण भारत व श्रीलंका आहे. नावात चाफा असला तरी सोनचाफ्याशी त्याचे जवळचे नाते नाही. सोनचाफा वेगळ्या कुलातील, दूरचा आप्त म्हणता येईल इतकाच. हिरव्या चाफ्याचे फूल पानांच्या रंगात मिसळून जाते. ते पिवळसर होऊ लागले की पिकल्या फळासारखा गोड वास सुटतो आणि मगच फुलाचा ठावठिकाणा लागतो. त्याच्या फुलाचा देठ आकड्यासारखा वळलेला असतो. त्या आकड्याने आधार पकडून वेल वर चढते.

शाळा, चर्च आणि सरकारी कचेऱ्या यांच्या आवारात ओळीने उभा असणारा, खाली झुकलेल्या लांब पानांचा आसुपालव हाही याच घराण्यातील. पुष्कळ लोक त्याला अशोक म्हणतात, पण खरा अशोक, ज्याला लालसर-केशरी फुलांचे गुच्छ येतात, तो निराळा वृक्ष असून निराळ्या कुलातला आहे. सह्याद्रीच्या जंगलातला हूम हा वृक्षही सीताफळाचाच आप्त.

म्हणजे असे झाले की या कुलाची एक शाखा आपल्या डोंगरांत फार पूर्वीपासून नांदत होती आणि दुसरी शाखा सागरापलीकडे होती. सीताफळ इथे आले तेव्हा त्याला ठाऊक नसलेले त्याचे आप्त इथे आधीच उभे होते.

सागरापलीकडचे माहेर

'ॲनोना' हे नाव मुळात लॅटिन नव्हे. कॅरिबियन समुद्रातील इस्पान्योला बेटावर, जिथे १४९२ साली कोलंबस उतरला, तिथले मूळ रहिवासी या फळाला 'आनोन' असे म्हणत. स्पॅनिश इतिहासकार गोन्सालो फेर्नांदेस दे ओव्हिएदो याने १५३५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासग्रंथात तिथल्या फळांचे वर्णन केले, त्यांत हे फळ आहे. पुढे स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियस याने १७५३ साली वनस्पतींना पद्धतशीर नावे दिली, तेव्हा या आदिवासी शब्दाला त्याने लॅटिन भाषेतील 'वर्षाचे पीक' या अर्थाच्या शब्दाचे रूप दिले. ज्या लोकांनी हे फळ प्रथम ओळखले, जोपासले आणि त्याला नाव दिले, ते लोक युरोपीय आक्रमण, गुलामगिरी आणि रोगराई यांमुळे काही दशकांतच जवळजवळ नामशेष झाले. त्यांचा शब्द मात्र जगभरच्या वनस्पतिशास्त्राच्या ग्रंथांत टिकून राहिला आहे. फळाचा गोडवा सांगताना हे दुःख विसरणे आम्हाला उचित वाटत नाही.

ही फळे भारतात नेमकी कोणत्या मार्गाने आली? दोन मार्ग संभवतात. एक ब्राझीलहून आफ्रिकेला वळसा घालून गोव्याकडे येणारा पोर्तुगीजांचा मार्ग. काजू, अननस, पपई या मंडळींचा प्रवास याच मार्गाशी जोडला जातो. परंतु सीताफळाबाबत एक मौजेची गोष्ट आहे. ब्राझीलमध्ये त्याला 'काउंटचे फळ' म्हणतात. १६२६ साली तिथल्या राज्यपालाने, मिरांदाच्या काउंटने, ते बाहिया प्रांतात लावले, अशी तिथली परंपरा आहे. म्हणजे ब्राझीलमध्येही सीताफळ पाहुणेच!

दुसरा मार्ग पूर्वेकडचा. १५६५पासून १८१५पर्यंत स्पॅनिश गलबते मेक्सिकोच्या आकापुल्को बंदरातून पॅसिफिक महासागर ओलांडून फिलिपिन्समधील मनिलाला येत. मेक्सिकोत या फळाला 'आहाते' असे एक नाव होते, आणि फिलिपिन्समध्ये आजही त्याला 'आतिस' म्हणतात. भारतात बंगाली आणि मलयाळम भाषांत सीताफळाला 'आता' किंवा 'आत' याच धर्तीचे नाव आहे. बंगालीत रामफळाला 'नोना' म्हणतात, त्यात 'आनोना' स्पष्ट ऐकू येते. शब्दांच्या या पाऊलखुणा पाहिल्या की पूर्वेकडचा मार्गही दुर्लक्षिता येत नाही.

मनिलाचे नाव निघाले की आपल्याला आपल्या एका संताची आठवण होणे स्वाभाविक आहे. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया हे जपानात व्यापार करून पुढे मनिलाला गेले. तिथे ते फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून दाखल झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथे क्रुसावर रक्तसाक्षी झाले. त्यांनी किंवा त्यांच्या सोबत्यांनी सीताफळाच्या बिया आणल्या, असे कुणी म्हणणार नाही. परंतु सोळाव्या शतकात वसई, मकाव, नागासाकी आणि मनिला ही बंदरे एकाच जलमार्गाच्या जाळ्यात कशी गुंफलेली होती, याची कल्पना त्यांच्या चरित्रावरून येते. ज्या वाटेने व्यापारी, मिशनरी आणि सैनिक गेले, त्याच वाटेने बियाही आल्या.

नोंदींची साक्ष

एखादी वस्तू एखाद्या प्रदेशात केव्हा आली हे ठरवताना इतिहासकार जुन्या नोंदी तपासतो. त्या नोंदींत काय आहे याइतकेच काय नाही हेही महत्त्वाचे असते.

फ्रेंच डॉमिनिकन धर्मगुरू जॉर्डानस १३२१ साली ठाण्यास आले होते. त्यांच्या चार फ्रान्सिस्कन सोबत्यांना ठाण्यात हौतात्म्य आले आणि जॉर्डानस यांनी त्यांचे देह सोपाऱ्यास नेऊन दफन केले. पुढे १३३०च्या सुमारास त्यांनी पूर्वेकडील अद्भुतांचे जे वर्णन लिहिले त्यात फणस आहे, आंबा आहे, पण सीताफळ नाही. दोनशे वर्षांनी बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानातील फळांची लांबलचक यादी दिली. आंबा, केळे, जांभूळ, फणस, बोर, आवळा सर्व आहेत. सीताफळ तिथेही नाही.

१५३४ साली, म्हणजे ज्या वर्षी वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली त्याच वर्षी, गार्सिया द ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य गोव्यात उतरला. पुढे मुंबईचे बेट त्याच्याकडे भाडेपट्ट्याने होते. १५६३ साली गोव्यात छापलेल्या त्याच्या संवादरूप ग्रंथात भारतातील औषधी व फळे यांचे बारकाईने वर्णन आहे. मुंबईतील आपल्या आंब्याच्या झाडाचे कौतुकही त्याने केले आहे. त्या ग्रंथातही सीताफळाला स्वतंत्र प्रकरण नाही. या ओर्ताचे घराणे मुळात यहुदी, सक्तीने ख्रिस्ती केले गेलेले. तो १५६८ साली वारला, आणि १५८० साली गोव्याच्या इन्क्विझिशनने त्याची हाडे उकरून जाळली. पोर्तुगीजांनी आपल्याला काय दिले याचा हिशेब मांडताना हे पानही उघडे ठेवले पाहिजे. चर्चच्या नावाने केलेल्या अन्यायावर पांघरूण घालून इतिहास लिहिता येत नाही.

सीताफळाची ठळक नोंद सापडते ती सतराव्या शतकात, केरळात. कोचीनचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने 'होर्टुस मलबारिकुस' हा बारा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. तो १६७८ ते १६९३ या काळात ॲम्स्टरडॅमला छापला गेला. १६८२च्या तिसऱ्या खंडात 'आत-मरम' आणि 'अनोना-मरम' या नावांनी आपले सीताफळ व रामफळ चित्रांसह आले आहेत. या ग्रंथाच्या निर्मितीत कोण कोण होते हे पाहिले तर आजही नवल वाटते. गव्हर्नर प्रॉटेस्टंट, त्याला वनस्पतींच्या अभ्यासात साहाय्य करणारे फादर मॅथ्यू हे कॅथलिक कार्मेलाइट संन्यासी, झाडांचे गुण सांगणारे इट्टी अच्युतन हे एळव समाजातील वैद्य, आणि त्यांच्या जोडीला रंग भट, विनायक पंडित व आपू भट हे तीन कोकणी ब्राह्मण वैद्य. त्या तिघांनी १६७५ साली दिलेले प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोकणी भाषेत, नागरी लिपीत छापलेले आहे. या कोकणी समाजातील पुष्कळ घराणी पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोवा सोडून कोचीनला गेलेली होती. माणसांना एकमेकांपासून दूर लोटणाऱ्या त्या काळात झाडापेडांच्या अभ्यासाने मात्र त्यांना एका पानावर आणले.

त्याच शतकाच्या अखेरीस, १६८९ साली, जॉन ओव्हिंग्टन हा इंग्रज धर्मगुरू सुरतेला आला. इथले लोक हे फळ खातात, आणि रंगाने व चवीने ते कस्टर्डसारखे असल्यामुळे इंग्रज त्याला तसे नाव देतात, असे त्याने नोंदवले. म्हणजे ओर्तापासून ओव्हिंग्टनपर्यंतच्या सव्वाशे वर्षांत हे फळ पश्चिम किनाऱ्यावर चांगलेच रुळले होते.

प्राचीनतेचा मोह

इथे वादाची एक बाजू सांगणे प्राप्त आहे. पुरातत्त्व खात्याचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम यांनी १८७९ साली भारहुतच्या स्तूपावर ग्रंथ लिहिला. ख्रिस्तपूर्व काळातील त्या शिल्पांत सीताफळ कोरलेले आहे, असे त्यांचे मत होते. युल आणि बर्नेल यांनी १८८६च्या आपल्या प्रसिद्ध शब्दकोशात या मताची दीर्घ चर्चा केली. दगडावरचे खवल्यांचे फळ सीताफळच असेल, फणस किंवा दुसरे काही नसेल, याची खात्री कशी द्यावी, हा प्रश्न तेव्हापासून आजवर कायम आहे. अलीकडे, २००९ साली, उत्तर प्रदेशातील मिर्झापूर जिल्ह्यात तोकवा येथील उत्खननात सापडलेले जळके बी सीताफळाचे असून ते कोलंबसाच्या फार पूर्वीचे आहे, असा शोधनिबंध काही भारतीय संशोधकांनी प्रसिद्ध केला. हा दावा सर्वमान्य झालेला नाही. सीताफळाच्या प्रजातीतील रानटी जाती अमेरिकेत विपुल आहेत, काही आफ्रिकेतही आहेत, आशियात मात्र मूळची एकही नाही. ही गोष्ट त्याच्या परदेशी जन्माच्या बाजूने फार वजनदार ठरते.

विद्वानांनी वाद जरूर घालावा. आम्हाला लक्ष वेधायचे आहे ते त्यामागच्या एका मनोवृत्तीकडे. एखादी गोष्ट आपली आहे असे म्हणायचे तर ती आपल्याकडे पहिल्यापासून होती, हे सिद्ध केलेच पाहिजे, असे आपल्याला का वाटते?

हा मोह आपल्या समाजालाही सुटलेला नाही. आमच्या धर्माला कुणी परका म्हटले की आपण लगेच कल्याणचा दाखला देतो. सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या प्रवाशाने 'कल्लिआना' येथे बिशप असल्याचे लिहिले आहे, ते खरेच आहे. जॉर्डानस यांच्या काळी ठाणे-सोपारा भागात ख्रिस्ती माणसे होती, हेही खरे आहे. या नोंदी मोलाच्या आहेत आणि त्या आपल्या मुलांना ठाऊक असल्याच पाहिजेत. परंतु वसई-साष्टीतील आपल्यापैकी बहुसंख्य कुटुंबांचे पूर्वज १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमदानीत ख्रिस्ती झाले, हेही तितकेच सत्य आहे. ते सत्य लपवून, केवळ प्राचीनतेच्या आधारावर, आपण इथले आहोत असे म्हणण्याची पाळी आपल्यावर का यावी? पूर्वज इथलेच, भाषा इथली, वाडीतली केळी आणि पानवेल इथली. श्रद्धेचे बी दुरून आले, एवढेच.

नामकरण

सीताफळाने आपल्याला शिकवलेली गोष्ट ही आहे. त्याने प्राचीनतेचा दाखला मागितला नाही. इथल्या माणसांनीच त्याला नाव दिले.

अमेरिकेहून आलेल्या इतर मंडळींकडे पाहा. काजू, अननस, बटाटा ही नावे त्यांच्या परदेशी नावांवरून आली आणि तशीच राहिली. सीताफळ-रामफळांचे मात्र महाराष्ट्रात पुन्हा बारसे झाले, तेही महाकाव्यातील सर्वांत पूज्य नावांनी. काटेरी सालीच्या त्यांच्या आणखी एका भावंडाला कुठे लक्ष्मणफळ म्हणतात, कुठे हनुमानफळ. जणू सारे रामायणच या कुलात उतरले. दिल्लीकडे मात्र 'सीताफल' म्हटले तर भोपळा पुढ्यात येतो आणि आपल्या सीताफळाला 'शरीफा' म्हणावे लागते. नाव कुणाला द्यायचे हे त्या त्या मातीतले लोकच ठरवतात.

नावाची गोष्ट सोडली तरी आपलेपणाचे दुसरे प्रमाण स्वयंपाकघरात सापडते. एकादशीच्या उपासाला आपल्या हिंदू शेजाऱ्यांच्या घरी काय असते? साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि मिरची. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, भुईमूग, बटाटा आणि मिरची, हे चारही अमेरिकेचे! उपासासारख्या पवित्र आचारात ज्यांना स्थान मिळाले, त्यांना परके कोण म्हणेल?

आणि याच काळात उलट्या दिशेनेही असेच एक नामकरण चालले होते. इंग्लंडहून आलेले येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी गोव्यातील साष्टी प्रांतात राहून मराठी आत्मसात केली आणि १६१६ साली ओवीबद्ध 'क्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले. स्वर्गासाठी त्यांनी वैकुंठ हा शब्द वापरला. दूर देशाहून आलेल्या कथेला त्यांनी इथले शब्द, इथला छंद आणि पुराणाचे इथलेच रूप दिले. शेतकऱ्याने परक्या फळाला सीतेचे नाव दिले, आणि परक्या धर्मगुरूने आपल्या तारणकथेला मराठी ओवीचे. या दोन्ही गोष्टींत आम्हाला एकच वृत्ती दिसते, आणि ती वृत्ती महाराष्ट्राची आहे.

डोंगरातील बिऱ्हाड

सीताफळ किनाऱ्यावर थांबले नाही. ते घाट चढले आणि दख्खनच्या कोरड्या, मुरमाड टेकड्यांवर रमले. त्याची पाने गुरे-शेळ्या सहसा खात नाहीत, पाऊस थोडा पडला तरी त्याचे भागते, आणि बी रुजायला कुणाची मेहनत लागत नाही. त्यामुळे बालाघाटच्या डोंगररांगा, दौलताबादचा परिसर, जुन्या किल्ल्यांच्या पडक्या तटबंद्या अशा जागी ते रानटी झाडासारखे पसरले. त्याच्या बिया विषारी असून त्यांची पूड कीटकांचा नाश करते. ती डोळ्यांत गेल्यास इजा होते, म्हणून घरात लहान मुले असतील तर जपलेले बरे. दुष्काळात या फळाने भारतातील कितीतरी गरिबांना जगवले, अशी नोंद एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी वनस्पतिग्रंथांत आढळते. पाहुणा म्हणून आलेल्याने यजमानाच्या पडत्या काळात त्याला घास भरवला, याहून मोठा आपलेपणा कोणता?

२०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे कॅरिबियन प्रदेशातून आलेल्या या फळाची ओळख आता कायद्यानेही बीडच्या मातीशी जोडली गेली आहे. बार्शी तालुक्यातील गोरमाळे येथील शेतकरी नवनाथ मल्हारी कसपटे यांनी निवड पद्धतीने तयार केलेला मोठ्या आकाराचा, कमी बियांचा वाण त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांनी देशभर गेला.

याच बालाघाटच्या परिसरात, उस्मानाबाद (आताचे धाराशिव) येथे, जानेवारी २०२० मध्ये ९३वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले आणि अध्यक्षपदी वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो होते. एका कॅथलिक धर्मगुरूने या पदावर बसावे का, असा विरोधाचा सूर त्या वेळी काही ठिकाणी उमटला होता. तरीही संमेलन झाले आणि मराठी रसिकांनी त्यांचे स्वागत केले. २०२४च्या जुलै महिन्यात फादर आपल्यातून गेले. मराठी भाषा ही आपली मायबोली आहे, हे त्यांनी वाद घालून नव्हे, तर आयुष्यभर मराठीत लिहून दाखवले.

कलम

बागाईतदार एक गोष्ट जाणतात. चांगल्या जातीच्या सीताफळाचे कलम करताना खुंट म्हणून पुष्कळदा रामफळाचे रोप घेतात. मुळे एकाची, फांदी दुसऱ्याची, आणि फळ गोड. संत पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्रात रानटी जैतुनाच्या फांदीचा दृष्टान्त दिला आहे. कलम केलेल्या फांदीने गर्व करू नये, कारण मूळ तिला धारण करते, ती मुळाला नव्हे, असा त्याचा आशय आपल्याला ठाऊक आहे.

या दृष्टान्तात आपल्यासाठी दुहेरी बोध आहे. पोर्तुगीजांनी आपल्याला श्रद्धा दिली, फळे दिली, म्हणून त्यांच्या वैभवाचा तोरा आपण मिरवू नये. ज्या मुळांनी आपल्याला पोसले ती या देशाच्या मातीत आहेत. आणि बाहेरून आलेली फांदी म्हणून कुणी हिणवले तर खजीलही होऊ नये. फांदी कोणत्या बंदरातून आली याची नोंद इतिहासकाराने ठेवावी, आणि खरी ठेवावी. तिला लागलेली फळे मात्र गावातल्या सर्वांनी वाटून खायची असतात. आपल्या शाळा, आपली इस्पितळे, आपल्या वाड्यांतील फुले-भाज्या आणि आपले मराठी लेखन ही ती फळे होत. ती गोड राहावीत, एवढी काळजी आपण घ्यावी. मुळाचा प्रश्न ज्यांना विचारायचा आहे त्यांना आपण निःसंकोचपणे सारा इतिहास सांगावा, आणि सांगता सांगता एक पिकलेले सीताफळ त्यांच्या हाती ठेवावे.